उंदराला शिव्या देऊ नकोस

आधी ती गाडीची किल्ली बोटावर फिरवायची थांबव. आठवीत पेन फिरवायचास, आता किल्ली फिरवतोस. शेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात एवढीच काय ती प्रगती.

नको, बसू नकोस. उभाच राहा. बसलास की तू ऐकत नाहीस, हा माझा तेहतीस वर्षांपूर्वीचा अनुभव आहे आणि तो बदलण्यासारखं तू अजून काही केलेलं नाहीस.

काल जिन्यात चारचौघांसमोर म्हणालास, "बाई, उंदीर म्हणजे महाहलकट प्राणी. आठ महिन्यांत तिसऱ्यांदा वायरी कुरतडल्या. अठरा हजार चारशेचं बिल झालं." सगळ्यांनी माना डोलावल्या. सोसायटीचा सेक्रेटरी बोलतोय म्हटल्यावर डोलावणारच. मी गप्प राहिले, कारण मोठ्या झालेल्या विद्यार्थ्याचा कान चारचौघांत धरायचा नाही, असा मी स्वतःला नियम घालून घेतलाय. आज तू आपल्या पायांनी घरी आलायस. दार लोटून घे.

तीन वेळा नुकसान झालं. या तीन वेळांत गुडघे टेकून गाडीखाली किती वेळा बघितलंस? सांग ना. मेकॅनिकने बघितलं. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने फोटो काढले. पेस्ट कंट्रोलवाल्याने लांबून बघितल्यासारखं केलं. तू फक्त बिल बघितलंस. जीवशास्त्राच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर एकच शब्द लिहायची, 'निरीक्षण', आणि वर्षभर तो पुसू द्यायची नाही. तुझा बाक तर फळ्यासमोरच होता.

आता सांग, उंदीर वायर खातो का? खातो म्हणालास ना काल? मग ऐक. त्याला पुढे वर दोन आणि खाली दोन असे चार पटाशीचे दात असतात. त्यांच्यामागे दाढांपर्यंत मोकळी जागा असते. कुरतडताना तो गालाची आतली घडी त्या फटीत ओढून घेतो आणि तोंडाचा मागचा भाग बंद करतो. त्यामुळे कुरतडलेला चुरा पोटात न जाता बाहेर पडतो. म्हणूनच तुझ्या बॉनेटखाली वायरीच्या वेष्टनाचे बारीक तुकडे सापडले. ते जेवणाचं उष्टं नव्हतं. सुताराच्या रंध्याखाली पडतो तसला भुसा होता तो. उंदीर तिथे जेवायला गेला नव्हता. तो घर बांधत होता आणि वाटेत आलेलं बाजूला करत होता.

त्या दातांना पुढच्या बाजूनेच कठीण वेष्टन असतं, त्यात लोह असतं म्हणून ते पिवळट नारिंगी दिसतात. मागची बाजू मऊ असते आणि लवकर झिजते. त्यामुळे धार आपोआप लागत राहते, पटाशीसारखी. त्या वेष्टनाचा कठीणपणा लोखंडापेक्षाही जास्त भरतो. तांब्याची तार आणि वरचं प्लास्टिक त्याच्यापुढे काय टिकणार? हे दात जन्मभर वाढतात, वर्षाला दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त. इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी तुम्हाला शिकवलं होतं की उंदराने कुरतडलं नाही तर दात वाढून तो मरेल, म्हणून बिचाऱ्याला कुरतडावंच लागतं. ते अर्धंच खरं होतं. उंदीर वरचे आणि खालचे दात एकमेकांवर घासूनही झिजवतो. त्यासाठी त्याला तुझ्या वायरीची गरज नाही. माझी चूक मी सुधारली. आता तुझ्या चुकांकडे वळू.

पहिली चूक सोयाबीनची. व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलंस की हल्लीच्या वायरींना सोयाबीनपासून केलेलं वेष्टन असतं, म्हणून उंदीर येतात, आणि लगेच गाडीच्या कंपनीला शिव्या घालून मोकळा झालास. अमेरिकेत यावरून मोटार कंपन्यांवर दावे झाले आहेत, हे खरं. होंडा कंपनी तर मिरचीतल्या कॅप्सायसिनने माखलेली टेप विकते, वायरींवर गुंडाळायला. पण सोयाबीनचं नावही वायरीजवळ फिरकलं नव्हतं तेव्हापासून उंदीर वायरी कुरतडताहेत. टेलिफोनच्या केबली कुरतडल्या, शिशाचे पाइप कुरतडले, आपल्या आजीच्या ट्रंकेतल्या पैठण्या कुरतडल्या. पैठणीत कुठे सोयाबीन होतं रे? समजा वेष्टन सोयाबीनचं असेलही. तरी उंदीर तुझ्या पार्किंगपर्यंत वासाने दहा किलोमीटर चालत आला नाही. तो आधीपासून तिथेच राहत होता.

दुसरी चूक डब्याची. बॅटरीला जोडायचा तो लुकलुकणारा डबा तू अडीच हजाराला आणलास. म्हणे त्यातून माणसाला ऐकू न येणारा आवाज निघतो आणि उंदीर पळतात. उंदीर त्या आवाजात जगतात, बाळा! त्यांची पिल्लं आईला हाक मारतात ती आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजात. मोठे उंदीर एकमेकांना धोक्याची सूचना देतात तीही तशीच. नवा आवाज आला की उंदीर दोन रात्री बिचकतो, तिसऱ्या रात्री सरावतो. शिवाय इतका बारीक आवाज अडथळ्यापलीकडे जात नाही, आणि बॉनेटखाली अडथळ्यांशिवाय दुसरं असतं काय? २००१ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असली यंत्रं करणाऱ्या आणि विकणाऱ्या साठाहून जास्त जणांना पत्रं धाडली होती, की शास्त्रीय पुरावा असेल तरच असले दावे करा. त्या पत्रांना एवढी वर्षं उलटून गेल्यावर तू तो डबा आणलास, वर मला दाखवायला घेऊन आलास. मी तेव्हाच तुझी वही मागायला हवी होती.

तंबाखूची पानं टांगलीस. नॅप्थलीनच्या गोळ्या टाकल्यास. पुदिन्याचा फवारा मारलास. इंजिनाच्या उष्णतेने चार दिवसांत वास उडतो आणि उंदीर परत येतो. ते एक वेळ चालेल. पण नॅप्थलीनचा वास एसीवाटे आत येतो आणि तुझी म्हातारी आई मागच्या सीटवर बसलेली असते, याचा विचार केलास? आणि तंबाखूची पुडी फडक्यात बांधून इंजिनावर ठेवणारा महाभाग कोण, ते मला ठाऊक आहे. एक्झॉस्टजवळ सुकं फडकं! उंदराने गाडी जाळली नाही ती तू जाळली असतीस.

आता विषाकडे ये. इथे मी आवाज चढवणार आहे.

गेल्या पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीपाशी निळ्या वड्या ठेवायचा ठराव तू कमिटीत मंजूर करून घेतलास. त्या वडीत काय असतं, वेष्टनावर वाचलंस? ब्रोमाडायोलोन. रक्त गोठण्यासाठी के जीवनसत्त्व लागतं, ते शरीरात पुन्हा वापरात आणण्याची क्रिया हे विष बंद पाडतं. उंदीर लगेच मरत नाही. तीन-चार-पाच दिवस आतल्या आत रक्तस्राव होत राहतो, तो सुस्त होतो आणि उघड्यावर फिरतो. मग त्याला कोण पकडतं? मांजर. किंवा मागच्या पडक्या टाकीत राहणारं गव्हाणी घुबड. त्या उंदराबरोबर ते विषही त्यांच्या पोटात जातं. मुरलीधराच्या देवळाशेजारची ती पांढऱ्या तोंडाची घुबडांची जोडी आठवते? रात्री फिस्कारायची आणि तुझी बायको घाबरायची ती. फुकटात उंदीर मारणारं रोजचं मनुष्यबळ होतं ते. गेल्या दिवाळीपासून ती दिसलेली नाही. ती तुझ्या वड्यांनीच मेली, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण तुझ्याकडे तरी ती न मेल्याचा कुठे आहे?

आणि जे उंदीर मेले ते कुठे जाऊन मेले? अंधाऱ्या, बंद, उबदार जागी. त्यातला एक तुझ्याच एसीच्या ब्लोअरमध्ये सापडला. डॅशबोर्ड उघडायला नऊशे रुपये वेगळे आणि आठ दिवस नाकाला रुमाल. शिकारी खुद शिकार हो गया, असं तूच हसत सांगत होतास. मला हसू आलं नाही. ती वडी तळमजल्यावरच्या एखाद्या रांगत्या मुलाच्या हाती लागली असती तर तू काय सांगितलं असतंस? ठराव बहुमताने मंजूर होता, असं?

गोंदाच्या पाट्यांचं नाव तर माझ्यासमोर काढूच नकोस. त्या पाटीवर उंदीर चिकटतो आणि तडफडत, स्वतःचा पाय चावत दोन-दोन दिवस काढतो. भारतीय पशुकल्याण मंडळानेही त्यांना विरोध केलाय. मारायचं असेल तर एका फटक्यात मारणारा चाप वापर. पण चापही नीट लावता यायला हवा. उंदीर नव्या वस्तूला घाबरतो, हे त्याचं शहाणपण आहे. चार दिवस चाप ताणायचा नाही, नुसताच ठेवायचा. त्यावर शेंगदाण्याचं कूट किंवा सुकटीचा तुकडा ठेवून त्याला निर्धास्त खाऊ द्यायचं, मग ताणायचा. आणि तो भिंतीला आडवा लावायचा, कारण उंदीर मिशांनी भिंत चाचपत तिच्या कडेकडेने जातो, मैदानातून नाही. तू चाप पार्किंगच्या मधोमध ठेवला होतास. त्यात वॉचमनची चप्पल सापडली.

मुंबई महापालिकेने रात्रपाळीचे मूषकसंहारक नेमलेले आहेत. हातात काठी आणि टॉर्च, रात्रीत ३० उंदीर मारायचे, हे त्यांचं रोजचं काम. किती वर्षं मारताहेत ते! उंदीर संपले? नाही संपले. मादी एकवीस ते तेवीस दिवसांत विते, एका वेळी सहा ते बारा पिल्लं देते आणि विल्यानंतर दिवसभरातच पुन्हा गाभण राहू शकते. ती पिल्लं तीन महिन्यांच्या आत स्वतः पिल्लं द्यायला तयार होतात. पेस्ट कंट्रोलच्या वार्षिक कराराने तू हे गणित हरवणार? जेवण, पाणी आणि अडगळ आहे तेवढे उंदीर राहतात. दहा मारलेस तर त्या दहांचं जेवण उरतं, आणि त्यावर पुढचे दहा वाढतात. साधी वजाबाकी आहे. पण तुझं गणितही कच्चंच होतं, ते कुलकर्णी सर मला स्टाफरूममध्ये सांगायचे.

आता मी काय केलं ते ऐक.

परवा रात्री साडेदहाला मी खाली गेले. वय चौऱ्याहत्तर, एका गुडघ्यात वाटी बदललेली. हातात टॉर्च, फूटपट्टी आणि रांगोळीचा पुडा. पीठ मुद्दाम घेतलं नाही, नाहीतर उंदरांना तेच जेवण झालं असतं. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, ती कोणी खात नाही. तुझ्या गाडीच्या चारही चाकांभोवती, भिंतीच्या कडेने, चेंबरच्या झाकणापाशी आणि कचऱ्याच्या डब्यांसमोर ती पातळ भुरभुरली. वॉचमन धावत आला. म्हणाला, "आजी, काय करणी-बिरणी करताय काय सेक्रेटरींवर?" मी म्हटलं, "सेक्रेटरींनी करणी स्वतःच करून ठेवलीय, मी फक्त बघतेय." बी-विंगच्या गॅलरीतून दोघी बघत होत्या. आत्तापर्यंत ती बातमी तुझ्या कानावर आली असेलच.

पहाटे साडेपाचला पुन्हा गेले. रांगोळीवर सगळं लिहून ठेवलेलं होतं. तुझ्या परीक्षेतल्या अक्षरापेक्षा किती तरी स्वच्छ. पुढच्या पावलाला चार बोटं, मागच्याला पाच, मधून शेपटीची रेघ. म्हणजे उंदीरच. चिचुंद्री असती तर पुढेही पाचच उमटली असती. चिचुंद्री उंदीर नाही, किडे खाते, तिला मारू नका, असं मी मीटिंगमध्ये तीनदा सांगितलंय. भिंतीपाशी लेंड्याही होत्या. फूटपट्टी लावली. दीड सेंटिमीटरच्या वर, दोन्ही टोकं बोथट. घरातल्या काळ्या उंदराच्या लेंड्या याहून बारीक आणि टोकदार असतात. म्हणजे हा गटारातला तपकिरी उंदीर, आणि तो रोज पाणी पितो. पाणी त्याला कोण देतं? गाड्या धुवून तशाच ठेवलेल्या अर्ध्या भरलेल्या बादल्या. आणि तुझ्या एसीचं टपकणारं पाणी.

ठसे कुठून निघाले? चेंबरचं ते एका कोपऱ्याला फुटलेलं झाकण. दोन वर्षं तू 'पुढच्या मीटिंगला घेऊ' म्हणतोयस ना, तेच. तिथून भिंतीच्या कडेने ओल्या कचऱ्याच्या डब्याकडे. झाकण नाही, कारण झाकण कोणाच्या तरी झाडाच्या कुंडीखाली गेलंय. कचरा रात्री दहाला खाली येतो आणि सकाळी साडेसातला जातो. साडेनऊ तासांची पंगत! तिथून जिन्याखाली, भटक्या कुत्र्यांना ठेवलेल्या दूधभाताच्या ताटलीकडे. ती ताटली तुझ्या मुलीने ठेवलेली आहे. तिला रागावू नकोस, तिचं मन तुझ्यापेक्षा बरं आहे. तिला एवढंच सांग, की कुत्र्यांचं जेवून झालं की अर्ध्या तासात ताटली उचलायची आणि धुवायची.

आणि ताटलीवरून ठसे कुठे गेले? सांग. ओळख की. तुझ्या पार्किंगच्या मागे, भिंतीला लागून, जुना सोफा उभा करून ठेवलाय. फ्लॅटचं काम काढलंस तेव्हा 'दोन दिवसांसाठी' आणून ठेवलेला. शेजारी टाइल्सची खोकी, मुलीची मोडकी सायकल, दोन गाद्या, गणपतीच्या मखराचा थर्माकोल. मी सोफ्याच्या फाटक्या बाजूत टॉर्च मारला. आत फोमचा चुरा, वर्तमानपत्राच्या चिंध्या आणि तुझ्या बॉनेटच्या आतल्या काळ्या अस्तराचा कापूस. मऊ, गोल, ऊबदार घरटं. तिथून तुझ्या गाडीचं पुढचं उजवं चाक चार फुटांवर. चाकावरून सस्पेन्शन, सस्पेन्शनवरून इंजिन. उंदीर बाहेरून तुझ्या गाडीत येत नव्हता, बाबा. तुझ्या दिवाणखान्यातून तुझ्या गाडीत जात होता.

इतरांच्या सोळा गाड्या खाली असताना तुझीच का, असं विचारत होतास ना? ही सोय बाकी कोणी केलेली नाही म्हणून. शिवाय तुझी गाडी आठवड्यातून एकदा, रविवारी निघते, एरवी तू मेट्रोने जातोस. मेट्रोने जातोस ते चांगलंच आहे, ती शाबासकी घे. पण उभी गाडी म्हणजे अंधारी, कोरडी, भाडं नसलेली खोली. २०२०च्या टाळेबंदीत महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या किती जणांच्या गाड्या अशाच पोखरल्या गेल्या, ते तूच तेव्हा सांगत होतास. शिकलास काय त्यातून? जाड कव्हर घेतलंस! जमिनीपर्यंत लोळणारं. कव्हरने धूळ अडते, उंदराला तर वर तंबूच मिळतो. आणि सीटखाली? मागे एकदा तुझ्या गाडीतून दवाखान्यात गेले तेव्हा पायाशी वेफर्सचं पाकीट, मागच्या खणात शेंगदाण्याची पुडी, डॅशबोर्डवर देवाचा सुकलेला हार आणि प्रसादाची साखर. बाहेर विष आणि आत प्रसाद, हा कुठला धर्म?

विम्याचं म्हणतोस, तर पॉलिसी वाच. थर्ड पार्टीत यातलं काहीच मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत उंदराचं नुकसान धरतात की नाही, ते शब्दांवर ठरतं, आणि तो कागद तू उघडलेलाही नसणार. धरलं तरी झीज वजा न करणारी जोडपॉलिसी नसेल तर प्लास्टिक आणि रबरच्या भागांवर निम्मे पैसे कापतात. चार वर्षं दावा न केल्याबद्दल स्वतःच्या गाडीच्या हप्त्यावर तुला ४५ टक्के सूट मिळाली असेल. छोट्या बिलासाठी दावा केलास की ती सूट गेली. आधी बेरीज-वजाबाकी कर, मग फॉर्म भर. यावर मी जास्त बोलत नाही, हे तुझ्या नोकरीतलं आहे आणि तरी मला सांगावं लागतंय.

ज्यासाठी तुला उभं ठेवलंय ते आता बोलते.

मागच्या महिन्यात बॉनेटखालचं घरटं कोणी काढलं? तू काढलं नाहीस. सकाळी गाड्या पुसायला येतो त्या मुलाने काढलं. उघड्या हातांनी. मी गॅलरीतून बघत होते. तू वर फोनवर 'वायर हार्नेसची किंमत किती' विचारत होतास. त्याच्या उजव्या अंगठ्याला चीर होती, फडक्याची चिंधी बांधलेली होती. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायराचे जंतू बाहेर पडतात, ओल्या जागेत जगतात आणि कापलेल्या, भेगाळलेल्या कातडीतून आत जातात. त्याने ताप येतो, कावीळ होते, मूत्रपिंडं निकामी होतात. दर पावसाळ्यात मुंबईत माणसं याने मरतात, साचलेल्या पाण्यातून चालून आलेली. तुझ्या पार्किंगमध्ये तो पोरगा रोज अनवाणी उभा राहून चाकं धुतो. तुझी वायर तुटली याचं तुला अठरा हजार चारशे दुःख झालं. त्याच्या अंगठ्याचं?

आपल्या पुण्यात आणि मुंबईत १८९६-९७ साली प्लेग आला तेव्हा उंदीर पडायला लागले की लोक घरं सोडून माळावर झोपड्यांत जाऊन राहत. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, १० मार्च १८९७ ला. रोग उंदरांवरच्या पिसवांमार्फत माणसांत येतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिलं ते त्यानंतर, १८९८ साली. तेव्हाच्या लोकांना कारण ठाऊक नव्हतं म्हणून ते पळाले. तुला कारण ठाऊक आहे, मी स्वतः शिकवलंय, आणि तू एका पोराच्या हातात उंदराचं घरटं देऊन वर गेलास.

यापुढे ते साफ करायचं तर रबरी हातमोजे आणि तोंडाला मास्क. कोरडं झाडायचं नाही. ब्लीचिंगच्या पाण्याने आधी भिजवायचं, थोडा वेळ थांबायचं, ओल्या फडक्याने उचलायचं, पिशवीत बांधायचं. आणि ते तू करायचंस.

मान खाली घालू नकोस, ऐक. झाकण बदलायला गवंडी लागेल, चेंबरवर आणि पाण्याच्या पाइपांभोवती सहा मिलिमीटरपेक्षा मोठी फट राहता कामा नये. उंदराची लहान पिल्लं आणि घरातले छोटे उंदीर बोटभर भोकातूनही निसटतात. गाडीला जाळी बसवायची तर चांगल्या मेकॅनिककडूनच बसव, आत हवा यायच्या तोंडाशी, बारीक तारेची. स्वतः काही कोंबू नकोस. गाडी उभी करताना एसीचं बटण आतली हवा फिरवण्यावर ठेव, म्हणजे बाहेरच्या हवेचं दार बंद राहतं. दोन दिवसांनी एकदा गाडी काढ, भाजी आणायला का होईना. काढण्यापूर्वी बॉनेट उघडून टॉर्च मार. थंडीत मांजराची पिल्लंही तिथे झोपतात, तेव्हा बॉनेटवर दोन थापा मार आणि मगच सेल्फ मार. कचरा सकाळी खाली आणायचा, रात्री नाही, आणि हा ठराव तू मांडायचास. विषाचा ठराव मांडायला जेवढा घसा फोडला होतास, तेवढाच याला फोड.

पुढची गाडी विजेवरची घेणार म्हणतोस, 'तिला इंजिनच नाही, उंदीर कशाला येतील' म्हणून. वायरी तिलाही असतात, आणि त्यातल्या उच्च दाबाच्या नारिंगी वायरींना तू हातसुद्धा लावायचा नाहीस.

गणपतीचं वाहन उंदीर आणि उंदराचं वाहन आपली गाडी, हा विनोद आता करणार असशील तर करू नकोस. या आठवड्यात चौथ्यांदा ऐकेन मी तो.

उद्या रविवार. सकाळी सहाला खाली ये. हाफ पँट चालेल, पण पायात बूट हवेत. हातमोज्यांच्या दोन जोड्या आण, एक तुझी आणि एक त्या मुलाला कायमची द्यायला. सोफा न्यायला टेम्पो सांगून ठेवलाय, त्याचे आठशे रुपये तुझ्याकडून जातील. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी पहाटे ठसे मोजून वहीत लिहायचे, तारीख आणि वेळ घालून, आणि महिनाअखेरीला मला दाखवायचे. लाल पेन अजून आहे माझ्याकडे.

आणि येताना रांगोळीचा पुडा घेऊन ये. माझा परवा संपला.